एर्जे : टिनटिनच्या मुखपृष्ठांमागचा माणूस



गेल्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी आपल्या वर्गातल्या एका मुलीने मोर काढला होता. निळा, हिरवा, जांभळा, मध्ये सोनेरी. रंगपेटीतला एकही रंग तिने शिल्लक ठेवला नव्हता. आपला अंक झेरॉक्सवर निघतो हे आम्हां मोठ्यांना ठाऊक होते, तिला कोणी सांगितले नव्हते. अंक हातात आला तेव्हा मोराच्या जागी एक राखाडी ढग होता. ती काही बोलली नाही. अंकाची घडी करून तिने तो पिशवीत टाकला आणि पुन्हा बाहेर काढला नाही.

अंकाची जुळवाजुळव माझ्याकडे असते, म्हणजे चूक माझी. तिला काय सांगावे याचा विचार करताना मला टिनटिनच्या एका मुखपृष्ठाची हकीगत आठवली. तिच्यासाठी, आणि गावच्या लायब्ररीतून टिनटिनची पुस्तके आणून वर्गात बाकाखाली वाचणाऱ्या बाकी सर्वांसाठी, त्या चित्रकाराचे हे चरित्र.

त्यांचे खरे नाव जॉर्ज रेमी. जन्म २२ मे १९०७ रोजी, बेल्जियमची राजधानी ब्रसेल्समधल्या एटरबेक या भागात. घर साधे, मध्यमवर्गीय. वडील लहान मुलांचे कपडे विकणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. वडिलांना एक जुळा भाऊ होता. थॉमसन आणि थॉम्पसन ही गुप्तहेरांची जोडगोळी ज्यांना आवडते, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे!

जॉर्ज सात वर्षांचा असताना पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन सैन्याने ब्रसेल्स ताब्यात घेतले. शाळेच्या वह्यांच्या समासात तो सैनिकांच्या मारामाऱ्यांची चित्रे काढत बसे. पुढे तो बालवीर पथकात गेला. डोंगरात भटकणे, तंबू ठोकणे, संकटात सापडलेल्याला मदत करणे, हे सारे टिनटिनच्या अंगात जे दिसते ते तिथून आले. पथकाच्या मासिकात त्याची चित्रे छापून येऊ लागली. नावाची आद्याक्षरे त्याने उलटी केली, आधी आर आणि मग जी. फ्रेंचमध्ये या दोन अक्षरांचा उच्चार होतो एर्जे. १९२४ पासून तो याच नावाने सही करू लागला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मात्र त्याने घेतले नाही. एकदा एका चित्रशाळेच्या वर्गाला गेला, कंटाळला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही.

१९२५ मध्ये ब्रसेल्सच्या एका दैनिकात त्याला नोकरी लागली, तीही चित्रकाराची नव्हे, वर्गणीदारांच्या खात्यात. लष्करातली सक्तीची नोकरी आटोपून तो परतला तेव्हा संपादकांनी त्याच्या हातातली कला ओळखली. हे संपादक म्हणजे नॉर्बेर वाले नावाचे एक धर्मगुरू. १ नोव्हेंबर १९२८ पासून दैनिकाबरोबर मुलांसाठी साप्ताहिक पुरवणी निघू लागली आणि तिची जबाबदारी एकवीस वर्षांच्या एर्जे यांच्यावर आली. १० जानेवारी १९२९ च्या पुरवणीत कपाळावर केसांचा तुरा असलेला एक बातमीदार आणि त्याचा पांढरा कुत्रा रशियाच्या गाडीत बसले. इंग्रजीत आपण ज्याला स्नोई म्हणतो, तो मूळ फ्रेंचमध्ये मिलू आहे.

ही चित्रकथा इतकी गाजली की, ८ मे १९३० रोजी टिनटिनसारखे कपडे घातलेल्या एका मुलाला ब्रसेल्सच्या स्टेशनात गाडीतून उतरवण्यात आले आणि त्याला पाहायला ही गर्दी लोटली. त्याच वर्षी पुस्तक निघाले. पहिल्या ५०० प्रतींवर क्रमांक घालून टिनटिन आणि मिलू यांच्या नावाने सह्या करण्यात आल्या. टिनटिनची सही एर्जे यांनी केली, आणि मिलूची संपादकांच्या सेक्रेटरी जर्मेन यांनी. १९३२ साली याच जर्मेनबाईंशी एर्जे यांचा विवाह झाला. पुस्तक जपून ठेवावेसे वाटले पाहिजे, ही जाण पहिल्या दिवसापासून होती ती अशी.

आता एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. आवडत्या माणसाचे चरित्र लिहिताना तेवढे पान फाडून टाकणे बरे नव्हे. दुसऱ्या कथेत टिनटिन काँगोला जातो. तो देश तेव्हा बेल्जियमच्या ताब्यात होता. एर्जे यांनी आफ्रिका पाहिलेली नव्हती. आजूबाजूचे गोरे लोक आफ्रिकेबद्दल जे समजत होते तेच त्यांनी काढले. तिथली माणसे भोळसट, आळशी आणि हसण्याजोगी दाखवली. एका प्रसंगात टिनटिन काँगोच्या मुलांना, बेल्जियम हीच तुमची मायभूमी, असा धडा देतो. १९४६ च्या आवृत्तीत एर्जे यांनी तो धडा काढून तिथे गणिताची बेरीज घातली, तरी बाकीचे बरेच तसेच राहिले. आपल्यावरही दीडशे वर्षे परक्यांचे राज्य होते, तेव्हा हे का बोचते ते वेगळे सांगायला नको. १९३२ ते १९३४ या काळातल्या 'सिगार्स ऑफ द फॅरो' मधला भारतही असाच ऐकीव आहे. हत्ती, फकीर, महाराजा आणि नकाशात कुठेही नसलेले गैपजामा नावाचे संस्थान!

मग १९३४ साली एक घटना घडली. टिनटिन आता चीनला जाणार, असे पुरवणीत जाहीर झाले होते. बेल्जियममध्ये शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांची काळजी घेणाऱ्या एका धर्मगुरूंनी एर्जे यांना कळवले की, चिनी माणसांची टर उडवलीत तर या मुलांना वाईट वाटेल. आधी त्यांच्यापैकी एकाला भेटा. ब्रसेल्सच्या कला अकादमीत शिल्पकला शिकणारा एक तरुण त्यांनी सुचवला. त्याचे नाव चांग चोंगरेन. तो शांघायचा, आणि जन्म एर्जे यांच्याच साली, १९०७ मध्ये झालेला.

चांग रविवारी एर्जे यांच्या घरी येऊ लागला. त्याने त्यांना कुंचला कसा धरावा ते दाखवले, चिनी अक्षरे, चित्रे आणि कविता समजावल्या, आणि जपानने चीनवर चालवलेल्या आक्रमणाची खरी हकीगत सांगितली. त्या वेळी युरोपातल्या बहुतेक वर्तमानपत्रांत जपानचीच बाजू येत होती. 'द ब्लू लोटस' मधल्या भिंतींवरच्या चिनी पाट्या चांगच्या हातच्या आहेत, आणि त्यांतल्या काही जपानी मालावर बहिष्कार घाला असे सांगणाऱ्या आहेत. युरोपातल्या मुलांना त्या वाचता आल्या नाहीत, पण बेल्जियममधल्या जपानी मुत्सद्द्यांना कथेचा रोख बरोबर कळला आणि त्यांनी तक्रार केली. एर्जे यांनी कथा बदलली नाही. कथेत टिनटिन पुरात बुडणाऱ्या एका चिनी मुलाला वाचवतो. त्या मुलाचे नाव त्यांनी मित्राचेच ठेवले, चांग. इथून पुढे दुसऱ्याचा देश काढायचा तर आधी तो समजून घ्यायचा, ही शिस्त त्यांनी जन्मभर पाळली.

१९३६ साली या कथेचे पुस्तक करायचे ठरले. प्रकाशक होते तूर्ने गावचे कास्टरमन. एर्जे त्या काळात जाहिरातींची कामेही करत, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याचे पाऊल एका चित्राने कसे थांबवायचे हे त्यांना माहीत होते. शाई आणि जलरंगांत त्यांनी मुखपृष्ठ रंगवले. मोठ्या चिनी बरणीतून टिनटिन आणि मिलू डोके बाहेर काढून पाहत आहेत, आणि त्यांच्यासमोर काळ्याभोर पार्श्वभूमीवर एक भला मोठा लाल ड्रॅगन.

प्रकाशकांना चित्र परवडले नाही. पेशाने इंजिनियर असल्यामुळे इथे थोडे तांत्रिक सांगतो, मुलांनी कंटाळू नये. छापखान्याच्या यंत्राला हजार रंग ठाऊक नसतात. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाया असतात. मूळ चित्राचे चार भाग करून प्रत्येक शाईसाठी वेगळी प्लेट करतात आणि तोच कागद चार वेळा छापतात. बारीक बारीक ठिपके शेजारी पडले की डोळ्याला सगळ्या छटा दिसतात. याला चौरंगी छपाई म्हणतात. १९३६ मध्ये मुलांच्या पुस्तकासाठी ती फार महाग होती. म्हणून एर्जे यांनी चित्र नव्याने, सोपे करून काढले. छटा कमी केल्या, पार्श्वभूमी लाल केली आणि ड्रॅगन काळा. तुमच्या लायब्ररीतल्या प्रतीवर आहे तो हाच काळा ड्रॅगन. लाल ड्रॅगनचे चित्र घडी होऊन प्रकाशकांच्या घराण्यात पडून राहिले.

एर्जे यांच्या शैलीचे मर्म या अडचणींतच आहे. सगळीकडे सारख्या जाडीची स्वच्छ रेषा आणि तिच्या आत सपाट रंग. सावल्या नाहीत, फराटे नाहीत. हे चित्र कसल्याही कागदावर छापा, ओळखू येते. यंत्राची मर्यादा आधी समजून घेऊन मग चित्र काढले की यंत्र चित्राचा घात करत नाही.

१९३५ मध्येच चांग मायदेशी परतला होता. पुढे युद्धे झाली, राजवटी बदलल्या आणि दोघांचा संपर्क तुटला.

मे १९४० मध्ये जर्मनीने बेल्जियम पुन्हा ताब्यात घेतले. एर्जे यांचे दैनिक बंद पडले आणि ते 'ल स्वार' या मोठ्या वृत्तपत्रात चित्रे काढू लागले. ते वृत्तपत्र तेव्हा जर्मनांच्या हुकमतीखाली होते. 'द शूटिंग स्टार' मध्ये तर त्यांनी ज्यू नावाचा एक दुष्ट सावकार दाखवला, आणि तोही ज्यू लोकांवर अनन्वित अत्याचार चालू असताना. पुढे ते नाव बदलले गेले, पण हा डाग त्यांच्या चरित्रावर कायमचा आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रसेल्स मुक्त झाल्यावर त्यांना एकापेक्षा जास्त वेळा अटक झाली आणि काही काळ वृत्तपत्रांत काम करण्यास बंदी होती. शेवटी प्रतिकार चळवळीत काम केलेले रेमों लब्लाँ यांनीच त्यांना हात दिला आणि २६ सप्टेंबर १९४६ रोजी 'टिनटिन' साप्ताहिक सुरू केले.

युद्धकाळातच पुस्तकांचे रूपही बदलले. कागदाची टंचाई होती, आणि रंगीत छपाई आता आवाक्यात आली होती. कास्टरमन यांनी सुचवले की, शंभराहून अधिक पानांच्या काळ्या-पांढऱ्या पुस्तकाऐवजी थोडक्या पानांचे रंगीत पुस्तक काढावे. सोळा पानांचा एक फर्मा, असे चार फर्मे म्हणजे ६४ पाने. त्यांतली सुरुवातीची वजा जाता कथेला उरली ६२. टिनटिनचे रंगीत पुस्तक उघडून शेवटच्या पानाचा आकडा पाहा! १९४२ मधले 'द शूटिंग स्टार' हे पहिल्यापासून रंगीत निघालेले पहिले पुस्तक. त्यानंतर जुन्या कथा कापून, नव्याने मांडून, रंगवून काढण्याचे प्रचंड काम झाले. फक्त रशियाची पहिली कथा एर्जे यांनी तशीच सोडली. १९५० मध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. तिथे पार्श्वभूमीसाठी, यंत्रांसाठी आणि रंगकामासाठी मदतनीस होते.

मुखपृष्ठेही बदलली. तीसच्या दशकात पुठ्ठ्यावर छोटे रंगीत चित्र चिकटवलेले असे, आता चित्राने सगळे पान व्यापले. फ्रेंच पुस्तके जमवणारे शौकीन या दोन प्रकारांना छोटे चित्र आणि मोठे चित्र याच नावांनी ओळखतात. आवृत्ती नेमकी कोणत्या सालची हे ते मलपृष्ठावरून ठरवतात, कारण तिथे तोवर निघालेल्या पुस्तकांची यादी असते. यादीतले शेवटचे नाव पाहिले की साल कळते. आम्ही संगणकवाले प्रोग्रॅमला आवृत्तीचा क्रमांक देतो, तसेच हे.

एर्जे मुखपृष्ठावर कथेचे उत्तर कधी सांगत नाहीत, प्रश्न तेवढा टाकतात. 'द शूटिंग स्टार' वर टिनटिनपेक्षा उंच, पांढऱ्या ठिपक्यांचे लाल कुत्र्याचे छत्र आहे. ते इतके मोठे कसे वाढले? 'द कॅल्क्युलस अफेअर' वर फुटलेल्या काचेतून आपण आत पाहतो. काच कोणी फोडली? 'द कॅस्टाफिओर एमरल्ड' वर टिनटिन ओठांवर बोट ठेवून थेट आपल्याकडे बघतो. पुस्तक उघडल्याशिवाय राहवत नाही.

१९५८ च्या सुमारास एर्जे फार अस्वस्थ होते. संसार मोडकळीला आला होता. रात्री स्वप्नात सगळीकडे पांढरेच पांढरे दिसे आणि ते घाबरून जागे होत. झुरिकच्या एका मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना काम थांबवण्याचा सल्ला दिला. एर्जे यांनी तो मानला नाही. त्यांनी हिमालयातल्या बर्फाची कथा काढायला घेतली. विमान कोसळते, बातमी येते की कोणी वाचले नाही, पण टिनटिनला स्वप्न पडते की आपला मित्र जिवंत आहे, आणि तो त्याला शोधायला निघतो. मित्राचे नाव चांग.

'टिनटिन इन तिबेट' मध्ये खलनायक नाही. एका मित्राला शोधण्यातच ६२ पाने जातात. वाटेत नवी दिल्ली लागते. कुतुबमिनार आणि लाल किल्ला ओळखू येतील असे काढले आहेत, आणि रस्त्यात बसलेल्या गाईला ओलांडायला गेलेल्या कॅप्टन हॅडॉकची फजिती तर आपल्याला हमखास पटणारी! गैपजामाच्या महाराजापासून इथवरचा हा पल्ला आहे.

या पुस्तकाचे मुखपृष्ठ एर्जे यांनी पूर्ण पांढरे ठेवले होते. वर आकाश नाही, मागे डोंगर नाही. नुसत्या शुभ्र कागदावर उभी असलेली चिमुकली माणसे आणि बर्फातली पावले. ज्या पांढऱ्या रंगाने झोप उडवली होती, तोच त्यांनी पानभर पसरला होता. प्रकाशकांना ते फारच रिकामे वाटले. मग वरच्या बाजूला पर्वतरांग घालण्यात आली आणि १९६० मध्ये पुस्तक निघाले. आता प्रत हातात घ्याल तेव्हा ती पर्वतरांग हाताने झाकून पाहा. उरेल ते मूळ कल्पनेच्या जवळचे चित्र.

म्हणजे पाहा, चांगच्या भेटीची कथा 'द ब्लू लोटस', चांगच्या शोधाची कथा 'टिनटिन इन तिबेट', आणि दोन्ही वेळा एर्जे यांचे पहिले मुखपृष्ठ परत आले. दोन्ही वेळा त्यांनी बदल केला, पण चित्राचा जीव जाऊ दिला नाही.

खरा चांग शांघायमध्ये शिल्पकार झाला होता. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्याने बरेच हाल सोसले. एर्जे यांनी अनेक वर्षे त्याचा ठावठिकाणा शोधला, आणि अखेर पत्ता लागला. १८ मार्च १९८१ रोजी ब्रसेल्सच्या विमानतळावर दोघे पुन्हा भेटले. तरुणपणी निरोप घेतलेले मित्र आता त्र्याहत्तर वर्षांचे झाले होते. एर्जे तेव्हा आजारी होते. ३ मार्च १९८३ रोजी त्यांचे ब्रसेल्समध्ये निधन झाले. आपल्यामागे टिनटिन दुसऱ्या कोणी काढू नये अशी त्यांची इच्छा होती, म्हणून अर्धवट राहिलेल्या शेवटच्या कथेची कच्ची चित्रेच १९८६ मध्ये छापली गेली.

आणि तो लाल ड्रॅगन? जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसला त्याचा लिलाव झाला. घडीच्या खुणा कागदावर तशाच होत्या. खर्च धरून ३१ लाख ७५ हजार युरो किंमत आली. छपाईचा खर्च परवडत नाही म्हणून बाजूला ठेवलेले चित्र!

आपल्या मोराला कोणी लाखो युरो देईल असे मी म्हणत नाही. पण झेरॉक्स मशीनला जे दिसले नाही ते कागदावर आहेच. मूळ चित्र मी घडी न घालता पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये ठेवले आहे. पुढच्या रविवारी ते वर्गाच्या भिंतीवर लावू. पुढच्या अंकाचे मुखपृष्ठही तिनेच काढावे अशी माझी विनंती आहे. या वेळी मशीन काय दाखवते आणि काय गिळते ते मी तिला आधी सांगेन. काळे स्केचपेन, ठळक रेषा आणि मध्ये भरपूर कोरी जागा. मोर तसाही नाचतो छान. तुरा आणि पिसाऱ्यावरचे डोळे एवढे काढले, तरी तो मोरच दिसतो.

बाकीच्या मुलांनी घरी एक काम करावे. आवडत्या पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहून ते कोणता प्रश्न विचारते, हे मराठीत दोन ओळींत लिहून आणावे. आणि पालकहो, मुलांच्या चित्रांना घडी घालू नका.

आपला,
एक पालक